‘फंडेड अकाउंट’ घेताय? आधी हिशोब करा : 50 हजार डॉलरचं खातं प्रत्यक्षात किती मोठं असतं?

लासलगाव : “चार-पाच हजार रुपये भरा, 50 हजार डॉलरचं खातं मिळवा. नफ्यातले 90 टक्के तुमचे, तोटा झाला तर कंपनीचा.” निफाड, येवला, चांदवड, सिन्नर कुठलाही तालुका घ्या, विशीतल्या पोरांच्या मोबाईलवर अशा जाहिराती आता रोज येतात. कुणाच्या रीलमध्ये पेआउटचं प्रमाणपत्र असतं, कुणी नवीन गाडीसोबत उभा असतो, आणि खाली कंपनीची लिंक आणि कूपन कोड.

पोरं विचारतात, “यातली कुठली कंपनी चांगली?” प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे द्राक्षाचा व्यापारी निवडताना जाणता शेतकरी नुसता भाव विचारत नाही. पत विचारतो, मागच्या वर्षी कुणाचे पैसे बुडवले का ते विचारतो, चेक कुठल्या बँकेचा ते विचारतो. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्रातल्या पोलिसांना द्राक्ष उत्पादकांचे अडकलेले पैसे वसूल करण्यासाठी खास मोहीम घ्यावी लागली होती, ते अजून कुणी विसरलेलं नाही. जास्त भाव सांगणारा व्यापारी आणि पैसे देणारा व्यापारी, हे दोघं एकच असतील असं नाही. फंडेड अकाउंटचंही तसंच आहे.

आधी वायदा म्हणजे काय

वायदा म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला माल देण्या-घेण्याचा करार. इंग्रजीत त्याला फ्युचर म्हणतात. बहुतेक लोक माल उचलतच नाहीत, भावातला फरक घेतात किंवा देतात. पूर्ण रक्कम भरावी लागत नाही, थोडी अनामत म्हणजे मार्जिन ठेवलं की मोठ्या मालाचा सौदा करता येतो. म्हणून नफाही मोठा दिसतो आणि तोटाही तेवढाच मोठा होतो.

जाहिरातीतल्या बहुतेक ‘फंडेड फ्युचर’ खात्यांत अमेरिकेतल्या शिकागो बाजारातले वायदे असतात. नॅसडॅक आणि एस अँड पी हे तिथले निर्देशांक, सोनं, कच्चं तेल वगैरे. या बाजाराची आणि कांद्याची जुनी ओळख आहे. शिकागोच्या याच बाजारात एकेकाळी कांद्याचे वायदे चालायचे. 1955 मध्ये दोन व्यापाऱ्यांनी शिकागोतला जवळपास सगळा कांदा आणि त्याचे वायदे हातात घेतले, मग भाव पडेल अशा बाजूनं सौदे करून माल बाजारात ओतला. ऑगस्ट 1955 मध्ये 50 पौंडाची म्हणजे सुमारे 23 किलोची गोणी पावणेतीन डॉलरला होती, ती मार्च 1956 मध्ये 10 सेंटवर आली. कांद्यापेक्षा रिकामी गोणी महाग! शेतकरी बुडाले, आणि 1958 मध्ये अमेरिकेनं कायदा करून कांद्याचे वायदे बंद केले. ती बंदी आजही आहे.

आपल्याकडेही सोयाबीन, हरभरा, गहू, मूग यांच्यासह सात शेतमालांचे वायदे केंद्राच्या सांगण्यावरून सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये थांबवले आणि ती मुदत पुढं अनेकदा वाढवली. म्हणजे आपल्या शेतातल्या सोयाबीनच्या वायद्यावर बंधन आलं आणि त्याच गावातला पोरगा रात्री नॅसडॅकच्या वायद्यात उतरतोय, असं हे चित्र आहे. अमेरिकेचा मुख्य बाजार आपल्या वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी 7 ला आणि हिवाळ्यात 8 ला उघडतो. दिवसभर शेत, रात्री ट्रेडिंग, हे गावात सोयीचं वाटतं ते यामुळंच.

‘प्रॉप फर्म’ म्हणजे नक्की काय

प्रॉप म्हणजे प्रोप्रायटरी. मूळ अर्थ सरळ आहे. कंपनी स्वतःच्या पैशानं बाजारात सौदे करते, ट्रेडर नोकरीला ठेवते, त्याला पगार आणि नफ्यात वाटा देते. मुंबईत असे डेस्क आहेत. ते सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकरचे असतात.

मोबाईलवर दिसतात त्या कंपन्या वेगळ्या. त्या आधी परीक्षा घेतात. तिला ‘चॅलेंज’ किंवा ‘इव्हॅल्युएशन’ म्हणतात. फी भरायची, दिलेल्या खात्यात ठराविक नफा करून दाखवायचा, ठराविक तोट्याच्या वर जायचं नाही. पास झालं की ‘फंडेड’ खातं. पण बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या तर बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की खातं ‘सिम्युलेटेड’ आहे. म्हणजे भाव खरे, पैसे खोटे. पास झाल्यावरसुद्धा अनेक कंपन्यांत सौदा खऱ्या बाजारात जातच नाही. ट्रेडर जिंकला तर कंपनी त्याला आपल्या गल्ल्यातून पैसे देते, आणि तो गल्ला मुख्यतः नापास झालेल्यांच्या फीनं भरलेला असतो.

हे समजलं की बाकी गोष्टी आपोआप उलगडतात. ज्या कंपनीचं उत्पन्न नापास होणाऱ्यांवर चालतं, तिच्या अटी कुणाच्या बाजूनं असणार?

50 हजारांचं खातं, जीव 2 हजारांचा

समजा खातं 50 हजार डॉलरचं आहे. डॉलर 85 रुपये धरला तर साडेबेचाळीस लाख. ऐकायला मोठं वाटतं. अशा खात्याच्या नेहमीच्या अटी साधारण अशा असतात : 3 हजार डॉलर नफा करायचा आणि जास्तीत जास्त तोटा 2 हजार डॉलर. 48 हजारांच्या खाली गेलं की खातं बंद.

मग खरं भांडवल किती? 2 हजार डॉलर, म्हणजे 1 लाख 70 हजार. उरलेले 48 हजार फक्त पडद्यावर दिसतात, त्यांना हात लावता येत नाही. कंपन्यांची तुलना करताना पहिला आकडा पाहायचा तो हा. खात्याचा आकार नाही, तोट्याची मर्यादा.

नॅसडॅकच्या मोठ्या वायद्यात एका पॉइंटला 20 डॉलर असतात. 100 पॉइंट उलटे गेले की 2 हजार डॉलर संपले. मोठ्या बातमीच्या दिवशी 100 पॉइंट जायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. मायक्रो वायद्यात पॉइंटला 2 डॉलर असतात, तिथं जरा दम घेता येतो. पण मायक्रोमध्ये 3 हजारांचा नफा करायला वेळ लागतो, आणि फी तर महिन्याला चालू असते. म्हणून पोरं घाई करतात, मोठा लॉट घेतात आणि उडतात.

सरकती मर्यादा : सगळ्यात जास्त खाती इथं जातात

तोट्याची मर्यादा अनेक कंपन्यांत एका जागी थांबत नाही. नफा वाढला की ती वर सरकते. तिला ‘ट्रेलिंग ड्रॉडाऊन’ म्हणतात. विहिरीत पाणी वाढलं म्हणून दोर आखूड केला, असं काहीसं.

यात दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे.

पहिला प्रकार, चालू सौद्यातल्या नफ्यावर सरकणारी मर्यादा. समजा 50 हजारांवर सुरुवात केली, मर्यादा 48 हजार. सौद्यात दीड हजाराचा नफा दिसला, म्हणजे खातं 51,500 झालं. लगेच मर्यादा 49,500 वर आली. मग भाव परतला आणि 200 डॉलर नफ्यावर बाहेर पडलो. खात्यात 50,200. वाटतं की आपण फायद्यात आहोत. पण आता खातं बंद पडायला फक्त 700 डॉलर उरले.

दुसरा प्रकार, दिवसाच्या शेवटच्या शिलकीवर सरकणारी मर्यादा. याच उदाहरणात दिवस 50,200 वर संपला, म्हणून मर्यादा 48,200 झाली. हातात पूर्ण 2 हजार शिल्लक.

फी स्वस्त म्हणून पहिला प्रकार घेणारे पुष्कळ असतात. ज्याला हा फरक माहीत नाही, त्यानं कुठलंच खातं घेऊ नये, हे साधं माप आहे.

फी एकदाच नसते

जाहिरातीत 80 टक्के सूट असते. पण हिशोब वर्षाचा करायचा. महिन्याची फी, खातं उडाल्यावर पुन्हा सुरू करायची ‘रीसेट’ फी, पास झाल्यावर ‘ॲक्टिव्हेशन’ फी, काही ठिकाणी बाजारभावाच्या डेटाची फी वेगळी.

समजा महिन्याला 100 डॉलर, सहा महिने लागले, तर 600. मध्ये चार वेळा रीसेट, प्रत्येकी 80, म्हणजे 320. ॲक्टिव्हेशन 130. एकूण 1,050 डॉलर, म्हणजे 89 हजार 250 रुपये. यात रुपया कमावलेला नाही, फक्त परीक्षा दिलेली आहे. चार-पाच हजारांपासून सुरू झालेला मामला चाळीतल्या कांद्याच्या पैशापर्यंत कधी जातो, ते घरच्यांनाही कळत नाही.

पेआउटच्या अटी

‘नफ्यातले 90 टक्के तुमचे’ हे खरं असू शकतं, पण ते कधी आणि किती, ते वेगळ्या पानावर असतं. तीन गोष्टी बघायच्या.

एक, पहिले पैसे काढण्याआधी किती दिवस नफ्यात असावं लागतं. दोन, एका वेळी जास्तीत जास्त किती काढता येतात. तीन, ‘कन्सिस्टन्सी’ची अट. म्हणजे एका दिवसाचा नफा एकूण नफ्याच्या ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त नको. समजा अट 50 टक्क्यांची आहे आणि कुणी एका दिवसात 2 हजार कमावले. मग 3 हजारांवर काम भागत नाही, एकूण 4 हजार करावे लागतात. तोवर सरकती मर्यादा मागे लागलेलीच असते.

आणखी एक गोष्ट गावातल्यांनी जास्त लक्षात ठेवायची. बऱ्याच कंपन्यांत अमेरिकेचा दिवस संपायच्या आत सौदा बंद करावाच लागतो. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. लाईट गेली, रेंज गेली, सौदा उघडा राहिला, तर अट मोडली. कंपनी महावितरणचं कारण ऐकत नाही.

कंपनीच बंद पडली तर?

हे फक्त बोलायचं म्हणून नाही. कॅनडातली ‘माय फॉरेक्स फंड्स’ ही या धंद्यातली फार मोठी कंपनी होती. ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकेच्या वायदे नियामकानं तिच्यावर कोर्टात दावा लावला. नियामकाच्या म्हणण्यानुसार 1 लाख 35 हजारांहून अधिक ग्राहकांनी तिला किमान 31 कोटी डॉलर फी दिली होती. कोर्टानं कंपनीची मालमत्ता गोठवली आणि कामकाज थांबलं. पुढं मे 2025 मध्ये नियामकाच्याच गैरवर्तनामुळं कोर्टानं तो दावा निकाली काढला. म्हणजे कंपनी दोषी ठरली नाही. पण खाती तर 2023 मध्येच बंद पडली होती. ज्यांचे पेआउट अडकले, त्यांना दोन वर्षांनी कोण बरोबर होतं हे कळून काय उपयोग?

फेब्रुवारी 2024 मध्ये ‘मेटाट्रेडर’ सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं अनेक प्रॉप फर्मचा परवाना काढून घेतला, तेव्हाही काही फर्म बंद पडल्या. एक सॉफ्टवेअर गेलं आणि धंदा गेला. अशा वेळी नाशिकच्या ग्राहकानं कुठं जायचं?

बाजार समितीत लिलाव होतो, वजन होतं, हिशोबपट्टी मिळते, व्यापाऱ्याकडे परवाना असतो, पैसे अडले तर समितीच्या दारात बसता येतं. शिवारातल्या सौद्यात यातलं काही नसतं. परदेशी कंपनीचं फंडेड अकाउंट हा शिवारातलाच सौदा आहे, फक्त शिवार सात समुद्रापलीकडचं आहे.

भारतातला कायदा काय म्हणतो

परदेशी चलन व्यवस्थापन कायदा 1999 म्हणजे फेमा. त्याखाली रिझर्व्ह बँकेची योजना आहे, तिच्यातून माणूस वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम ठराविक कामांसाठी परदेशात पाठवू शकतो. पण परदेशी बाजारातल्या सौद्यांचं मार्जिन भरायला पैसे पाठवायला या योजनेत स्पष्ट मनाई आहे. फेमा मोडल्याचं सिद्ध झालं तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

कंपन्या म्हणतात, आम्ही मार्जिन घेत नाही, परीक्षेची फी घेतो. हा त्यांचा युक्तिवाद. पण सेबीकडे अशा ‘फंडेड अकाउंट’ विकणाऱ्यांसाठी नोंदणीचा वेगळा प्रकार नाही. म्हणजे वाद झाला तर इथं दाद मागायला जागा नाही, आणि विचारणा झाली तर उत्तर देणारा आपणच.

काही जण निफ्टी-बँक निफ्टीचं फंडेड खातं देतो म्हणतात. सेबीनं 4 नोव्हेंबर 2024 रोजी शेअरच्या भावांवर चालणाऱ्या आभासी ट्रेडिंग आणि खेळांपासून लोकांना सावध केलं आहे. नोंदणीकृत मध्यस्थाशिवाय व्यवहार करू नका, असं त्यात सांगितलं. आणि बाजाराबाहेर वहीवर चालणारे सौदे, ज्याला डब्बा म्हणतात, तो तर गुन्हाच आहे.

यापेक्षा मोठा धोका पैसे देण्या-घेण्याच्या वाटेत असतो. कार्ड चाललं नाही की टेलिग्रामवरचा कुणीतरी सांगतो, “यूएसडीटी घे आणि भर.” पेआउटही तसाच क्रिप्टोत येतो. तो विकला की समोरच्या अनोळखी माणसाच्या खात्यातून पैसे येतात. ते पैसे कुठल्या सायबर फसवणुकीतले निघाले तर आपलं खातं गोठवलं जातं. गावात माणसाचं बँक खातं एकच असतं. त्यातच कांद्याचे पैसे, त्यातच पीक विमा, त्यातच सोसायटीचं कर्ज. ते गोठलं तर खताच्या दुकानात उभं राहायची सोय राहत नाही. शिवाय क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, तो वेगळा.

जिंकतो कोण?

सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये अभ्यास जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या 1 कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता 1 लाखापेक्षा जास्त कमावणारे फक्त 1 टक्का. 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच होते.

मग पैसा गेला कुठं? त्याच अभ्यासात आहे : 2023-24 मध्ये खऱ्या प्रॉप ट्रेडर कंपन्यांनी खर्च धरण्याआधी सुमारे 33 हजार कोटी कमावले, परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी 28 हजार कोटी. त्यांचा जवळपास सगळा नफा संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून आला. म्हणजे मोबाईलवर एक बोट फिरवणाऱ्या पोराच्या समोर ही यंत्रं बसलेली असतात. हे आकडे भारतातल्या बाजाराचे आहेत, पण शिकागोत समोरचा खेळाडू याहून हलका नसतो.

तरीही तुलना करायचीच असेल तर हे प्रश्न विचारा

1. तोट्याची मर्यादा किती डॉलर, आणि ती चालू नफ्यावर सरकते की दिवसअखेरच्या शिलकीवर? कुठं थांबते?
2. सहा महिन्यांचा सगळा खर्च रुपयांत किती?
3. पास झाल्यावर सौदा खऱ्या बाजारात जातो की तेही सिम्युलेटेड?
4. पहिला पेआउट किती दिवसांनी, किती रकमेपर्यंत, कुठल्या मार्गानं? थेट बँकेत की क्रिप्टोत?
5. कंपनी किती वर्षं चालू आहे, कुठल्या देशात नोंद आहे, अटी मागच्या वर्षभरात किती वेळा बदलल्या?
6. भारतातल्या ग्राहकाला घेते असं लेखी आहे का? व्हीपीएन लावून किंवा दुसऱ्याच्या नावानं खातं काढलं तर पेआउटच्या वेळी ओळखपत्र मागून पैसे नाकारले जातात.
7. सांगणाऱ्याला कमिशन मिळतं का? कूपन कोड देणाऱ्याला तुमच्या फीतला वाटा मिळतो. तुम्ही पास झालात की नापास, त्याला फरक पडत नाही.

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या स्वतःच्या अटींच्या पानावर सापडलं नाही, तर ती कंपनी सोडून द्यावी. आणि “चॅलेंज पास करून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्याकडे तर बघूही नये. दुसऱ्यानं चालवलेलं खातं कळलं की कंपनी ते बंद करते, आणि ज्यानं पैसे घेतले तो फोन उचलत नाही.

खरंच ट्रेडिंग शिकायचं असेल तर फी न भरता शिकता येतं. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची इक्विटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा आहे, मुंबईच्या डेस्कवर नोकरी मागताना तिचा उपयोग होतो. वहीवर रोजचे सौदे लिहून सहा महिने हिशोब ठेवला तरी आपण 93 मध्ये बसतो की 7 मध्ये, ते कळतं. त्या वहीला रीसेट फी नाही.

फसवणूक झाली तर

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. परदेशी चलनाचे सौदे देणारी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या ‘अलर्ट लिस्ट’मध्ये आहे का, ते बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येतं. मात्र यादीत नाव नाही म्हणजे परवाना आहे, असा अर्थ होत नाही. भारतातला ब्रोकर खरा की खोटा हे सेबीच्या 1800 266 7575 या टोल फ्री क्रमांकावर विचारता येतं. नोंदणीकृत ब्रोकरला पैसे भरताना यूपीआय आयडीत ‘@व्हॅलिड’ हा शब्द इंग्रजीत असतो का, तेही बघा. ही सोय ऑक्टोबर 2025 पासून आहे.

आणि घरात पोरगा रात्री दोनपर्यंत मोबाईलवर असेल, तर रागवण्याआधी शेजारी बसून एवढंच विचारा : आतापर्यंत फी किती भरली आणि हातात किती आले? दोन आकडे कागदावर लिहायला सांगा.